खाण सरेल, गाव सरता कामा नये

डिसेंबर २०२२ मध्ये खनिज गटांच्या लिलावाला आरंभ झाला आणि सहा वर्षांच्या अंतराने दोनदा बंद पडलेल्या गोव्याच्या खाण व्यवसायाचे चाक पुन्हा फिरण्याची चिन्हे दिसू लागली. डिचोली, मये-शिरगाव, काले, अडवलपाल, कुडणे अशी गटांची नावे एकामागून एक लोकांच्या कानांवर आली. कोणी किती टक्क्यांची बोली लावली याचे आकडे आले, सरकारी तिजोरीत किती भर पडणार याची भाकिते आली आणि ज्यांच्या दारात ट्रक गंजत उभे होते त्यांच्या घरांत आशा पालवली. हे सारे स्वाभाविक आहे. दीर्घकाळ चूल अडलेल्या माणसाने चूल पेटण्याची वाट पाहावी, यात दोष नाही. परंतु या गजबजाटात एका प्रश्नाची चर्चा मात्र अभावानेच झाली. खाण चालू असताना गाव कसे जगणार आणि खाण संपल्यावर ते कशावर जगणार, हा तो प्रश्न होय. तो आज विचारला नाही, तर आमच्या नातवंडांना तो विचारावा लागेल, आणि तेव्हा उत्तर देण्यास ना खनिज उरले असेल, ना पैसा.

खाण ही आपला अंत बरोबर घेऊनच जन्मास येते. शेत दर वर्षी पिकते, कुळागर पिढ्यान्‌पिढ्या सुपारी देते, नदीत मासळी पुन्हा पुन्हा येते. खनिज एकदाच निघते. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने नवे खाणपट्टे पन्नास वर्षांच्या मुदतीने द्यावयाचे ठरले. म्हणजे आज अंगणवाडीत जाणारे मूल आजोबा होण्याच्या वयास पोहोचेल, तेव्हा ही मुदत पुरी होईल. पण तितका अवधी तरी मिळेलच, हे कोणी सांगावे? दूरदेशीच्या पोलाद कारखान्यांची मागणी घटली, भाव कोसळले, दर्जेदार खनिज आटले किंवा नियमभंगामुळे न्यायालयाने कडी लावली, तर खाण मुदतीपूर्वीच बंद पडते. अंत निश्चित आणि त्याची घटिका अनिश्चित, अशा धंद्यावर ज्या गावाने आपला संसार उभारला, त्याने त्या अंताची तयारी पहिल्याच दिवसापासून ठेवावयास हवी.

गोव्याने ती तयारी कधीच केली नाही. १९०६ च्या पोर्तुगीज कायद्यान्वये परकीय सत्तेने येथील डोंगर कायमस्वरूपी सवलतींच्या रूपाने वाटून दिले. दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानच्या पोलाद उद्योगाला लोहखनिज हवे होते, आणि १९५० नंतरच्या काळात गोव्याची लाल माती मांडवी-जुवारीतून बार्जांनी मुरगाव बंदरात व तेथून सातासमुद्रापार जाऊ लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. परंतु परकीय सत्तेने दिलेल्या त्या सवलती रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करण्यास १९८७ साल उजाडावे लागले. माणसे मुक्त झाली, पण त्यांच्या पायांखालची जमीन आणखी सव्वीस वर्षे जुन्याच हुकुमांना बांधलेली राहिली. या साऱ्या काळात डोंगर कोणाचा, हा प्रश्न न्यायालयांत व मंत्रालयांत चर्चिला गेला. डोंगर पोखरून झाल्यावर गावाचे काय, हा प्रश्न पायथ्याच्या माणसांशिवाय कोणी विचारला नाही.

आणि ती माणसेही हळूहळू बदलत गेली, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. शतक पालटल्यावर चीनची भूक वाढली, पूर्वी टाकाऊ म्हणून ढिगांत लोटलेल्या हलक्या प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळाले आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून होणारी निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या वर गेली. शेतात चिखल शिरला म्हणून नुकसानभरपाई मिळाली, भरपाईच्या पैशातून ट्रकाचा पहिला हप्ता भरला, ट्रकासाठी बँकेचे कर्ज आले आणि कर्ज फेडावयाचे तर खाण चालत राहणे भाग पडले. त्या ट्रकावर चालक आला, क्लीनर आला. नाक्यावर गॅरेज, टायरचे दुकान, खानावळ आली. खाणीने आधी शेत घेतले आणि मग शेतकऱ्यालाच आपला पाठीराखा केले. म्हणून ट्रकमालकाला निसर्गाचा शत्रू ठरविणे जितके अन्यायाचे, तितकेच धुळीविरुद्ध बोलणाऱ्याला विकासाचा शत्रू ठरविणेही अन्यायाचे आहे. दोघेही एकाच सापळ्यात सापडले आहेत.

खाण संपल्यावर काय होते, याची रंगीत तालीम गोव्याने एकदा नव्हे, दोनदा पाहिली आहे. न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरात संसदेपुढे आला, पाठोपाठ राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, २२ नोव्हेंबर २००७ रोजीच सर्व पट्ट्यांची मुदत संपलेली होती आणि त्यानंतरचे खनन बेकायदा होते. पुढे सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. तेही सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थंडावल्या. दोन्ही वेळी दृश्य तेच होते. ट्रक जागच्या जागी उभे राहिले, बार्ज नांगरून पडले, खानावळींना कुलपे लागली, कर्जांचे हप्ते थकले, तरुण मुले कामाच्या शोधात घराबाहेर पडली. सरकारला घाईघाईने साहाय्याच्या योजना काढाव्या लागल्या. तहान लागल्यावर विहीर खणावयाची, हे आमच्या राज्यकारभाराचे ब्रीदच झाले आहे. पहिल्या आघातानंतर सहा वर्षांनी दुसरा बसला, तेव्हाही गावे तितकीच उघडी होती, ही गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे.

विहिरीची म्हण येथे शब्दशः लागू पडते, हे आमचे दुर्दैव. गोव्याचे डोंगर पावसाचे पाणी पिऊन ठेवतात आणि ते झऱ्यांच्या वाटे महिनोन्‌महिने पायथ्याच्या गावांना देतात. त्या झऱ्यांवर वायंगणाची शेती होई, कुळागरे शिंपली जात, घरोघरच्या विहिरी भरत. खनिज मात्र भूजलाच्या पातळीखाली उतरते. खाण खोल गेली की खंदकात झिरपणारे पाणी अहोरात्र उपसावे लागते, आणि उपशाबरोबर आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते; तिचे डोंगर उभे राहतात आणि पावसाळ्यात ते वाहून शेतांत, ओहोळांत व नद्यांच्या पात्रांत उतरतात. श्रीदेवी लईराईच्या शिरगावात विहिरी आटल्या. ज्या गावाच्या जत्रेस हजारो धोंड भक्तिभावाने तळीवर स्नान करून अग्निदिव्य करतात, त्या गावाने पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी, याहून मोठी विटंबना कोणती? सत्तरीतील सोनशीच्या गावकऱ्यांनी धूळ व पाणी यांच्या त्रासाला कंटाळून २०१७ च्या एप्रिलमध्ये खनिजाचे ट्रक अडविले, तेव्हा त्यांना तुरुंगाची वाट दाखविण्यात आली. पुढे उच्च न्यायालयाने त्या गावाची दखल घेतली. पण श्वास घेण्याएवढी हवा मागण्यासाठी एखाद्या गावाला तुरुंगातून न्यायालयापर्यंतचा प्रवास करावा लागावा, हे कोणत्याही लोकसत्ताक राज्यास भूषणावह नाही.

इतरत्र काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. शेजारच्या कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी शंभराहून अधिक वर्षे चालल्या. शिवसमुद्रमहून तेथे १९०२ साली वीज आली, तेव्हा या देशातील बहुतेक शहरांनी विजेचा दिवा पाहिलाही नव्हता. बंगले, क्लब, इस्पितळ, शाळा असे सारे वैभव तेथे नांदले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. आज त्या वसाहतीतील कामगारांची मुले पहाटेच्या गाडीने बंगळूर गाठतात आणि रात्री घरी परततात. वारा सुटला की सायनाइडमिश्रित मातीच्या टेकड्यांवरची धूळ वसाहतीवर पसरते. सोने गेले, धूळ राहिली. शंभर वर्षांत दुसरा धंदा तेथे रुजविण्यास अवधी नव्हता असे कोण म्हणेल? अवधी होता, इच्छा नव्हती, कारण खाण चालू असताना तिच्या अंताचा विचार करणे कोणालाच नको असते.

पॅसिफिक महासागरातील नौरू या चिमुकल्या बेटाची कथा तर अधिक बोलकी आहे. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या या देशाने फॉस्फेट विकून अमाप पैसा मिळविला. १९७० च्या दशकात त्याची गणना जगातील श्रीमंत देशांत होई. पुढच्या पिढ्यांसाठी त्याने निधीही काढला होता. परंतु तो निधी परदेशांतील इमारतींत, नुकसानीतल्या व्यवहारांत आणि राज्यकर्त्यांच्या उधळपट्टीत विरून गेला. फॉस्फेट संपत आले तेव्हा बेटाचा बहुतेक भाग खणून ओसाड झाला होता आणि तिजोरीही रिती होती. केवळ निधी स्थापन केल्याने भागत नाही, त्याला राखणदार लागतो, हा नौरूचा धडा आहे.

उलट जर्मनीतील रूर खोरे पाहा. तेथील कोळसा व्यवसायास १९५० च्या दशकाअखेरीपासून उतरती कळा लागली. त्या प्रदेशाने खाणी पूर्ण मिटण्याची वाट पाहिली नाही. १९६५ मध्ये बोखुम येथे विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, आणि कोळशाच्या खोऱ्यात विद्येचा नवा धंदा उभा राहिला. अखेरची कोळसाखाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, म्हणजे हे स्थित्यंतर साठ वर्षे चालले. तेथील जमीन खाणींमुळे इतकी खचली आहे की, पाणी उपसणारे पंप कायमचे चालू ठेवावे लागतात. थांबविले तर वस्त्या पाण्याखाली जातील. या न संपणाऱ्या खर्चासाठी २००७ साली एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले आणि त्याच्या मिळकतीतून तो खर्च भागविला जातो. रूरमध्येही बेकारीचे चटके बसलेच. पण खाण गेल्यावरही तिचे देणे उरते, ही गोष्ट त्या समाजाने कागदावर मान्य केली. आमच्याकडे ती तोंडीही मान्य होत नाही.

वास्तविक हा विचार गोमंतकाला परका नाही. आमची पुरातन गावकरी संस्था, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले आणि जिच्या रूढी १५२६ साली अफोन्सो मेशिया याने लेखनिविष्ट केल्या, ती याच तत्त्वावर उभी होती. गावाची सामाईक जमीन लिलावाने कसावयास दिली जाई. येणाऱ्या उत्पन्नातून प्रथम खाजन शेतांचे बांध आणि मानशी यांची दुरुस्ती, देवस्थान व गावगाड्याचा खर्च भागे. आणि त्यानंतर जे उरे, ते झोण म्हणून गावकारांत वाटले जाई. आधी बांध, मग वाटणी, हा तो क्रम होता. बांध फुटला तर खारे पाणी शिरून शेतच जाईल, हे त्या अक्षरशत्रू मानलेल्या पूर्वजांना कळत होते. ती संस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. गावकार घराण्यांच्या पुरुष वारसांपुरताच तिचा लाभ होता आणि प्रत्यक्ष घाम गाळणाऱ्या अनेकांना त्यात वाटा नव्हता. परंतु सामाईक संपत्तीचे मुद्दल राखून वाढावा वाटावयाचा, हे तिचे शहाणपण आजच्या राज्यकर्त्यांनी उचलण्याजोगे आहे.

खनिजाच्या बाबतीत आम्ही नेमके उलटे केले. डोंगर हे मुद्दल आहे. ते विकून आलेला पैसा उत्पन्न म्हणून जमेस धरला आणि चालू खर्चात उडविला. वडिलोपार्जित घर विकून रोजचा बाजार करणाऱ्या माणसाला गावात कोणी शहाणा म्हणत नाही. सरकारने तेच केले की त्याला महसूलवाढ म्हणतात! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात हा विचार सुधारण्याचा प्रयत्न केला. वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांच्या हितार्थ कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही आणली. पण त्यातील हिशेब सामान्य वाचकाने स्वतःच मांडून पाहावा. लोहखनिजावरील स्वामित्वधन किमतीच्या पंधरा टक्के आहे आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत प्रतिष्ठानाला त्या स्वामित्वधनाच्या दहा टक्के रक्कम मिळते. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे खाणग्रस्त भागाच्या वाट्यास दीड रुपया! लिलावातील बोलीची मोठी रक्कम जाते ती सरकारच्या तिजोरीत. ज्याच्या विहिरीचे पाणी गेले, त्याच्या ओंजळीत दीड रुपया आणि त्याचाही विनियोग ठरविणार दुसरेच कोणी.

मग करावयाचे काय? खाणी नकोतच, अशी भूमिका घेणाऱ्यांच्या भावनांचा आम्ही आदर करतो. परंतु ज्या गावांची दोन पिढ्यांची उपजीविका खाणीत अडकली आहे, त्यांना केवळ नकार देऊन भागणार नाही. तसेच खाणी सुरू करा, बाकीचे नंतर पाहू, ही भूमिकाही आता पुरे झाली. आमच्या मते चार गोष्टी अगदी प्रारंभीच बांधून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट पाण्याची. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी देण्याचे बंधन २००३ पासून नियमांत आहे. तरीही २०१८ मध्ये काम थांबले, तेव्हा प्रचंड खंदक पाण्याने भरून आणि मातीचे डोंगर उघडे तसेच मागे राहिले. दोडामार्ग तालुक्यातील कळणे गावात २०२१ च्या जुलैत खाणीतले साचलेले पाणी बांध फोडून शेतांत व घरांत शिरले, तो इशारा आमच्या सीमेला लागूनच आहे. आराखडा कार्यालयाच्या कपाटात राहू नये. तो मराठी-कोकणीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, दर वर्षी त्यातील किती काम झाले याचा हिशेब गावाला मिळावा, खणून झालेला भाग खणत असतानाच भरला जावा, ढिगांवर झाडोरा लावला जावा, आणि कोणता खंदक भरावयाचा व कोणता जलाशय म्हणून राखावयाचा, हे आधीच ठरावे. शेतांतील गाळ काढून वायंगण पुन्हा उभे करण्याचे काम खाण चालू असतानाच झाले पाहिजे. खाणमालक निघून गेल्यावर ते कोणी करीत नाही.

दुसरी गोष्ट उपजीविकेची. गावातील प्रत्येक घराने ट्रक घ्यावा, ही स्थिती पुन्हा येऊ देता कामा नये. खाणीला जितके ट्रक लागतात तितक्यांचीच नोंदणी व्हावी आणि कर्ज देणाऱ्या बँकांनीही खाणीचे आयुष्य पाहून हात सैल करावा. कामगाराच्या वेतनाबरोबर खाणमालकाने एक राखीव रक्कम भरावी, म्हणजे काम थांबले तरी घर काही काळ तग धरील आणि माणसाला दुसरी विद्या शिकता येईल. केपे तालुक्यातील कावरे येथील आदिवासी बांधवांनी खाण सहकारी संस्थेमार्फत चालविण्याची मागणी केली होती. ती व्यवहार्य की अव्यवहार्य, हा वाद होऊ शकेल. पण गाव हा केवळ त्रास सोसणारा पक्ष नसून धंद्यातील भागीदार असावा, हे तिच्यातील तत्त्व टाळता येणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. कायम निधीच्या मुद्दलाला कोणत्याही सरकारला हात लावता येऊ नये, केवळ त्याच्या वाढाव्याचा विनियोग व्हावा आणि त्याचा हिशेब दर वर्षी विधानसभेत व वृत्तपत्रांत प्रसिद्ध व्हावा. जिल्हा प्रतिष्ठानाचा पैसा सरकारने एरव्ही करावयाच्याच रस्त्या-गटारांवर न घालविता पाणी, आरोग्य, शेती आणि मुलांचे शिक्षण यांवर, तोही प्रत्यक्ष खाणीलगतच्या गावांत, खर्च व्हावा.

चौथी गोष्ट अधिकाराची. मये-शिरगाव गटाच्या हद्दीत आपली घरे, देवळे व शेते आल्याचे गावकऱ्यांना लिलावानंतर ओरडून सांगावे लागले. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी गावात पाऊल टाकावे, एवढेही शासनयंत्रणेला सुचू नये काय? वस्ती, देवस्थाने, झरे आणि पिकाऊ जमीन वगळूनच गटाची हद्द आखली गेली पाहिजे, आणि त्या आखणीत ग्रामसभेचा शब्द सल्ल्यापुरता न राहता निर्णायक ठरला पाहिजे.

इतक्या अटी घातल्या तर खाणी परवडणारच नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर सरळ आहे. ज्या धंद्याला आपण घडविलेली नासाडी भरून देणे परवडत नाही, तो धंदा मुळात नफ्यात नव्हताच. त्याचा तोटा आजवर पाळे, सुर्ला, पिसुर्ले, शिरगाव ही गावे भरीत होती, एवढेच. भूक आजची आहे, उद्याचे काय सांगता, असेही कोणी म्हणेल. आजची भूक खरीच आहे. परंतु २०१२ आणि २०१८ मध्ये जी भूक आली, ती आदल्या दिवसाच्या निष्काळजीपणातूनच आली होती, याचा विसर पडू नये.

मुक्तीसाठी ज्यांनी तुरुंग भोगले, त्यांचे स्वप्न केवळ ध्वज बदलण्याचे नव्हते. या भूमीची संपत्ती या भूमीतील माणसांच्या कामी यावी, हे त्या स्वप्नाचे दुसरे अंग होते, आणि ते अद्याप अपुरे आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांतील लोकप्रतिनिधींनी पक्षभेद बाजूस सारून या चार गोष्टींसाठी विधानसभेत एकमुखाने उभे राहावे. त्यांनी तसे केले नाही, तर ग्रामसभांनी त्यांना तसे करावयास लावावे. नव्या पट्ट्यांची वर्षे मोजावयास प्रारंभ झाला आहे. बांध घालण्याची वेळ पाऊस येण्यापूर्वी असते, हे आमच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ते आता राज्यकर्त्यांनी त्याच्याकडून शिकावे.